टोपोशीटवरची तुटक लाल रेषा आणि प्रत्यक्षातली घाटवाट

सोंडकरी (धागालेखक)

मंडळी, डिसेंबरात जावळीच्या बाजूला एका घाटवाटेवर आमची यथेच्छ फजिती झाली. वाटेचं नाव मुद्दाम देत नाही. नाव टाकलं की पुढच्या रविवारी तिथे तीस जण धडकतात आणि वाडीतल्या लोकांना ते निस्तरावं लागतं. (वाडी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे, तेव्हा परवानगीचा प्रश्न कृपया काढू नका.) पण फजिती कशी झाली ते सविस्तर लिहितो.

हातात सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी १:५०,००० ची टोपोशीट, म्हणजे उंचसखल भाग, ओढे आणि वाटा दाखवणारा नकाशा. घाटमाथ्यावरच्या वाडीपासून कोकणातल्या गावापर्यंत तुटक लाल रेषा सलग काढलेली. उतरण सातशे मीटरच्या आसपास, म्हणजे दुपारचं जेवण खालच्या गावात, असा हिशेब. शीट स्कॅन करून फोनवरही चढवली होती. पहिला तास झकास मळलेली वाट. मग ढोरवाटा फुटायला लागल्या, मग त्याही संपल्या आणि आम्ही डोक्याएवढ्या कारवीत. गंमत म्हणजे फोनवरचा निळा ठिपका लाल रेषेवर बरोब्बर बसलेला! फोन म्हणतोय वाटेवर आहात, पायाखाली मात्र नुसता पाचोळा. रेटत रेटत ओढ्यात उतरलो, ओढ्याने अर्धा तास खाली गेलो, तर समोर कोरडा धबधबा. मोजला नाही, पण चौदा-पंधरा मीटर तरी असेल. शीटवर तिथे काही म्हणजे काही नव्हतं. कड्याची खूण नाही, कंटूर (समान उंचीच्या रेषा) एकमेकांना चिकटलेले नाहीत.

उलटे फिरलो. वाडीत पोचायला रात्रीचे साडेआठ. ज्या मामांच्या ओटीवर पथारी टाकली त्यांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "त्या वाटंनं कशाला गेलासा?" मी शीट ओटीवर पसरली, बॅटरी धरली. मामांना इंग्रजी येत नाही, म्हणून ओढ्यांची आणि टेपाडांची नावं वाचून दाखवली. दोन नावं त्यांनी हसत हसत दुरुस्त केली. लिहिणाऱ्याने ऐकलं तसं लिहिलेलं. आमची रेषा दाखवली तर म्हणाले, "ही आज्याच्या येळची. लाकडाला जायाचे हितनं. बैलं ह्या अंगानं जायची, मिठाला." असं म्हणत त्यांचं बोट डोंगराच्या एका सोंडेवरून (उतरत्या धारेवरून) सरकत सरकत कागदाच्या कडेबाहेर गेलं आणि सारवलेल्या जमिनीवर थांबलं. आम्ही हसलो. म्हटलं, मामा, नकाशा संपला.

तर प्रश्न दोन. टोपोशीटवरच्या वाटेवर तुम्ही किती भरवसा ठेवता? आणि तो पंधरा मीटरचा कडा नकाशात का नव्हता?

रानभूल

कारवी विद्यापीठाची पदवी मिळाल्याबद्दल अभिनंदन. वाखुसा (वाचनखूण साठवली).

भूगोलमास्तर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून आधी तेच. १:५०,००० च्या मेट्रिक शीटवर दोन कंटूरमधलं अंतर २० मीटर असतं. ५२० ची रेषा धबधब्याच्या डोक्यावरून गेली आणि ५०० ची पायथ्यापासून थोडी खालून, की मधला पंधरा मीटरचा कातळ नकाशाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. यात सर्वेक्षकाची चूक नाही, ती त्या प्रमाणाची मर्यादा आहे. मोठे कडे शीटवर खुणेने दाखवलेले असतात, पण ओढ्यातल्या अशा पायऱ्या सुटतात. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा, पायरी-पायरीचा. प्रत्येक ओढा कुठे ना कुठे अशी उडी मारतोच. म्हणून मी मुलांना सांगतो, कंटूर सुटसुटीत दिसले तरी ओढ्याने उतरायचं नाही. सोंडेने उतरा.

सोंड आणि ओढा कसे ओळखायचे? दोन्हीकडे कंटूर इंग्रजी व्ही सारखा वळतो. व्हीचं टोक चढाच्या दिशेला असेल तर ओढा, उताराच्या दिशेला असेल तर सोंड. शीट डोळ्यापुढे धरून दोन-चार ठिकाणी आकडे वाचून खात्री करून घ्या, कारण घाईत उलटं वाचणारे मी भरपूर पाहिलेत. (एकदा मीही.)

उताराचा अंदाज फूटपट्टीने येतो. दर पाचवी रेषा जाड, म्हणजे जाड ते जाड १०० मीटर उंची. या प्रमाणात १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. दोन जाड रेषांत ४ मिमी अंतर असेल तर उतार साधारण २७ अंश, आरामात चालता येतो. २ मिमी म्हणजे ४५ अंश, तिथे कारवी धरत धरत उतरायचं. १ मिमीवर आलं की ६३ अंश. तिथे लाल रेषा दिसली तरी मी आधी गावात विचारतो.

नवखा_भटक्या

मास्तर, खूप उपयोगी माहिती. एक बाळबोध प्रश्न: कुठली शीट हवी हे कसं कळतं? ते ४७ एफ/१४ वगैरे आकडे म्हणजे माझ्यासाठी रेल्वेच्या डब्यांचे नंबर आहेत.

भूगोलमास्तर

बाळबोध अजिबात नाही. ४ अंश बाय ४ अंशांचा मोठा चौकोन म्हणजे ४७. त्यात ७२ ते ७६ पूर्व रेखांश आणि १६ ते २० उत्तर अक्षांश येतात, म्हणजे महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचा बहुतेक भाग. त्याचे एकेका अंशाचे सोळा तुकडे, ए पासून पी पर्यंत. अक्षरं वरून खाली जातात, आडवी नाही. म्हणून ७३ ते ७४ रेखांशाच्या पट्ट्यात वरून खाली ई, एफ, जी, एच. त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा, तेही वरून खाली. १५ मिनिटं बाय १५ मिनिटं, साधारण २८ बाय २६ किलोमीटर, ही तुमची एक शीट. पुणं ४७ एफ/१४ वर. नव्या मालिकेत त्याच शीटला ई ४३ एच १४ म्हणतात, पण डोंगरातली मंडळी अजून जुनाच नंबर सांगतात.

आता खरी गोम. डोंगर शीटच्या कडा बघून उभे राहत नाहीत. राजगड-तोरणा-रायगड करायचा म्हणा. राजगड १८ अंश १५ मिनिटांच्या किंचित दक्षिणेला, म्हणून ४७ एफ/१२. तोरणा त्याच रेषेच्या उत्तरेला, ४७ एफ/११. रायगड ७३ अंश ३० मिनिटांच्या पश्चिमेला, ४७ एफ/८. तीन किल्ले, तीन शिट्स! आणि जिथे नकाशाची सगळ्यात जास्त गरज, त्या बोराट्याच्या नाळेच्या (नाळ म्हणजे डोंगरातली अरुंद घळ) आणि लिंगाण्याच्या परिसरातच चार शिट्सचा कोपरा. हरिश्चंद्रगडाचंही तसंच. देऊळ आणि कोकणकडा ४७ ई/१५ वर, पण कड्याच्या थोडंच पश्चिमेला शीट संपते आणि कोकणातून वर बघायचं तर ४७ ई/११ लागते.

कारवीतली

सोंडकरी, एक विचारू का? तुम्ही 'तुटक लाल रेषा' म्हणताय, पण कुठली तुटक? शीटच्या खालच्या खुणांच्या सूचीत कार्ट-ट्रॅक, पॅक-ट्रॅक आणि फूटपाथ शेजारी शेजारी छापलेले असतात. सगळे लाल, सगळे तुटक, आणि घाईत सगळे सारखेच दिसतात. पण पॅक-ट्रॅक म्हणजे लादलेल्या जनावराची वाट. पाठीवर गोण्या घेतलेला बैल कातळटप्पा उतरत नाही, निसणी चढत नाही. त्याला वळणं लांबची लागतात, चढ बेताचा लागतो. फूटपाथवर मात्र काहीही असू शकतं. झाडाचं खोड उभं करून केलेली निसणी, कातळात खोदलेल्या खोबण्या, मुळं धरून उतरायची जागा, हे सगळं सर्वेक्षकाच्या लेखी फूटपाथच.

मी गेली दहा-बारा वर्षं हाच नियम पाळते. ओळखीची वाट नसेल तर आधी पॅक-ट्रॅक शोधायचा. त्यावरून हल्ली कोणी जात नसलं तरी ती वाट मुळात माणसाळलेली असते. जंगल वाढतं, दरड येते, पण जिथून बैल गेला तिथून सॅक घेतलेला ट्रेकर कसाबसा निघतोच.

तुमचे मामा बैलांबद्दल म्हणाले ना? ते बोट कागदाबाहेर कुठल्या दिशेला गेलं?

सोंडकरी

ताई, दंडवत. आत्ता शीट काढून भिंग लावून बसलो. आमची रेषा फूटपाथ होती. आणि मामांनी बोट फिरवलं त्या सोंडेवर दुसरी रेषा आहे, पॅक-ट्रॅक. वाडीच्या दक्षिणेला साधारण दोन किलोमीटर धारेवरून जाते आणि शीटच्या खालच्या कडेला संपते. म्हणजे संपत नाही, पुढच्या शीटवर जाते. ती शीट आमच्याकडे नव्हतीच. आणि आम्ही मामांना हसत होतो.

बिनतारी

आता माझा मुद्दा, थोडा त्रासदायक आहे. स्कॅन केलेली शीट फोनवर कशी बसवली होती? चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश टाकून?

सोंडकरी

हो. कोपऱ्यात छापलेत तेच टाकले.

बिनतारी

मग तुमचा ठिपका रेषेवर दिसत होता याचा अर्थ तुम्ही रेषेवर नव्हतात.

जुन्या शिट्स एव्हरेस्टच्या लंबगोलावर काढलेल्या आहेत, १८३० सालचा, ज्याच्या नावाचं शिखर आहे तोच एव्हरेस्ट. फोनचं जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वापरतं. पृथ्वीचे दोन वेगळे साचे, त्यामुळे एकाच जागेचे अक्षांश-रेखांश दोन्हींत थोडे वेगळे येतात. आपल्या भागात तो फरक शंभरेक मीटर भरतो. नकाशावर जेमतेम २ मिमी. पुण्याच्या रस्त्यावर काही बिघडत नाही. घाटात शंभर मीटर म्हणजे शेजारची नाळ. कोपरे टाकताना डेटम (म्हणजे हाच साचा) 'एव्हरेस्ट' निवडायचं, किंवा शीटवर स्पष्ट दिसणारी आणि अजून जाग्यावर असलेली दोन-तीन ठिकाणं (जुनं देऊळ, गडाची त्रिकोणाची खूण) जुळवून बघायची. रस्त्यांचे तिठे धरू नका, ते हलतात.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर ज्या ओपन सिरीज शिट्स आल्या त्या डब्ल्यूजीएस-८४ वरच आहेत, तिथे ही भानगड नाही. २०१७ मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाने त्यांच्या पीडीएफ आधार क्रमांकावर मोफत द्यायला सुरुवात केली, ते फार चांगलं काम झालं. त्याआधी किनाऱ्याजवळच्या पुष्कळ शिट्सवर 'रिस्ट्रिक्टेड' छापलेलं असायचं आणि आपल्यासारख्यांना त्या सरळ मिळत नसत. २०२१ च्या फेब्रुवारीत नियम आणखी सैल झाले. पण नव्या शिट्समध्ये वाटा नव्याने चालून तपासल्यात असं समजू नका. शीटच्या समासात सर्वेक्षणाचं साल आणि छपाईचं साल वेगवेगळं दिलेलं असतं. तुमच्या कामाचं पहिलं.

झटपट

एवढं कशाला करायचं? कोणीतरी गेलेलं असतंच. त्याच्या वाटेची जीपीएस फाइल, म्हणजे जीपीएक्स, घ्यायची, फोनमध्ये टाकायची, चालायचं. कागद बाळगणं म्हणजे हौस झाली.

कारवीतली

झटपट, ऑक्टोबरात गवत खांद्याला लागतं तेव्हा मे महिन्यातली जीपीएक्स घेऊन जाऊन बघा. शिवाय नाळेत दोन्ही बाजूंना भिंती असल्या की जीपीएस उड्या मारतं. ज्याने ती फाइल टाकली त्याचाही ठिपका उडत होता, तुमचाही उडणार. आणि चुकलात तर जीपीएक्स फक्त 'तू चुकलास' म्हणते. डावीकडची सोंड तीनशे मीटरवर आहे आणि ती पदरात (कड्याखालच्या सपाटीवर) उतरते, हे नाही सांगत.

बिनतारी

दोन्ही ठेवा की. उपग्रहावरून काढलेले कंटूरही दगा देतात. बहुतेक मोफत ॲप्समधले कंटूर २००० सालच्या फेब्रुवारीत अंतराळयानावरून अकरा दिवसांत रडारने मोजलेल्या उंचीवरून तयार होतात. सुमारे ३० मीटरला एक बिंदू. दाट जंगलात रडार बऱ्याच अंशी झाडांचे शेंडे मोजतं आणि खड्या कड्याच्या सावलीत काहीच मोजत नाही, तिथे नंतर भर घातलेली असते. कोकणकडा ॲपमध्ये बघा, गुळगुळीत उतार वाटेल. जुन्या शीटवर माणसाने डोळ्यांनी बघून काढलेली कड्याची खूण आहे. या एका बाबतीत जुना कागद वरचढ.

आजोळ_कोयना

विषय थोडा बाजूला नेते, क्षमस्व. नकाशा जुना असण्याचा एक वेगळाच उपयोग आमच्या घरात झाला. माझ्या आजीचं माहेर कोयनेच्या काठी होतं. १९६० च्या दशकात धरण झालं आणि गाव शिवसागरात गेलं. आता बामणोलीहून वासोट्याला लाँचने जाताना लोक ज्या पाण्यावरून जातात, त्याच्याखाली अशी पुष्कळ गावं आहेत. आजच्या शीटवर तिथे निळा रंग.

अमेरिकन सैन्याच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात आपल्या भागाचे १:२,५०,००० चे नकाशे काढले होते, यू-५०२ मालिका. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते स्कॅन करून सगळ्यांसाठी ठेवलेत. त्यात धरण नाही, नदी आहे. मी तो तुकडा मोठा करून छापला आणि आजीपुढे ठेवला. तिने नदीचं एक वळण धरलं, त्यावर नख टेकवलं आणि म्हणाली, "हितं उतार होता. गुडघाभर पाण्यातनं शाळंला जायचो." गावाचं नाव त्या नकाशावर नव्हतंच, प्रमाणच तेवढं लहान. पण वळण बरोबर होतं.

रानभूल

आजोळताई, विषय अजिबात बाजूला गेलेला नाही.

भूगोलमास्तर

वरच्या सगळ्याला एक पुरवणी. तुमच्या हाती याहून जुनी, एक इंच एक मैलाची शीट आली (१:६३,३६०), तर आकडे फुटांत आहेत हे विसरू नका. आमच्या गटातल्या एकाने त्यावर कळसूबाई ५४०० वाचून 'हा कुठला हिमालय' विचारलं होतं. १६४६ मीटर, बाकी काही नाही.

आणि होकायंत्राचं म्हणाल तर चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्याकडे एका अंशाच्या आत आहे. युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत त्यावर पानंच्या पानं असतात, ती सोडून द्या. फक्त होकायंत्र कातळावर टेकवून वाचू नका, आपल्या बेसाल्टमध्ये लोह भरपूर. हातात धरा.

सोंडकरी

दोन महिन्यांनी धागा वर काढतोय.

दक्षिणेची शीट मिळवली, दोन्हींच्या कडा कापून मागून चिकटपट्टी लावली. पॅक-ट्रॅक कडेच्या पलीकडे आणखी दीड किलोमीटर धारेवर जातो, मग एका खिंडीतून वळून पदरात उतरतो. जाड रेषांमध्ये कुठेही ३ मिमीपेक्षा कमी अंतर नाही, मास्तरांची फूटपट्टी लावून बघितली. बिनतारींच्या सांगण्याप्रमाणे डेटम बदलून शीट परत बसवली, तर डिसेंबरातला आमचा ट्रॅक रेषेपासून चक्क बाजूच्या ओढ्यात जाऊन पडला. म्हणजे ज्या वाटेवर आम्ही नव्हतो, ती वाट आम्ही शोधत होतो.

परवा पुन्हा गेलो, मामांचा पुतण्या बरोबर. धारेवर वाट नाही, पण वाटेची जागा आहे. कारवीच्या मधून दीड-दोन मीटर रुंद सपाट पट्टा डोंगराच्या कुशीला धरून जातो, त्यावर कारवी विरळ. खिंडीच्या खाली वळणं सुरू होतात. प्रत्येक वळणाच्या बाहेरच्या अंगाला दगड रचलेले, बरेच ढासळलेले. एक वळण एवढं लांब की आम्ही कंटाळून सरळ उतरायला बघितलं, तर पुतण्या म्हणाला, "बैल वळायचा ना." एका ठिकाणी दरडीने वाट तोडली आहे, तिथे वीस मीटर आडवं जाताना घसारा आहे, जपून. बाकी दोराची पिशवी उघडली नाही. माथ्यावरून खालच्या गावात चार तास.

जाण्याआधी मामांना जोडलेली शीट दाखवली. त्यांनी परत पहिल्यापासून बोट फिरवलं, वाडी, धार, खिंड. चिकटपट्टीवरून बोट गेलं तेव्हा ते क्षणभर थांबले, पट्टीवर नख घासून बघितलं, आणि पुढे गेले.

नवखा_भटक्या

वा! ट्रॅक मागणार नाही, वचन. पण पाण्याचं काय?

सोंडकरी

माथ्यावरच्या विहिरीनंतर थेट खालच्या गावात. मधला ओढा शीटवर काळ्या रेषेने (म्हणजे कोरडा) काढलाय, निळ्या नाही. आम्ही तरी आशेने जाऊन बघितलं. काळाच होता.